निळी बाही

मी, सनी रघु तरे, वय २३, राहणार जांभूळ, तालुका अंबरनाथ, सध्या कामानिमित्त जैसलमेर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दारूला हात न लावता, कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. मी आठवी नापास. कायद्याचे शब्द कैलासने सांगितले, बाकीचे माझे. मागच्या आठवड्यात आमच्यातला सोनू पवनचक्कीवरून पडून गेला. कंपनीने त्याला कागदावर होता त्या पत्त्यावर पाठवले. तेव्हापासून झोप नाही. माझा कागद खोटा आहे.

१) माझा सेफ्टी बेल्ट आणि पान्यांचा सेट माझ्या जोडीला काम करणाऱ्या जनूला द्यावा. जनू, बेल्टची डावी कडी नीट लागत नाही, आधी बदलून घे. आळस करू नको.

२) बँकेत असेल ते आणि कंपनी देईल ते, सगळे विठाआई आणि रघुबाबा यांचे. मला त्यांनीच वाढवले. बाबांनी बारवी नदीच्या पाण्यात पोहायला शिकवले. उल्हासनगरला जीन्स शिवली, मोरिवलीला केमिकल कंपनीत राहिलो, कुठेच टिकलो नाही. प्रत्येक वेळी परत आलो की बाबांनी काही विचारले नाही, जेवायला वाढले. अग्नी त्यांनीच द्यावा.

पुढची दोन कलमे वेगळ्या पानावर लिहिली आहेत. ते पान फक्त मोरिवलीच्या संजीवनी मढवी यांच्या हातात द्यावे. त्यांनी वाचून फाडले तरी चालेल.

३) आई, चारचौघांत मी तुला मावशी म्हणतो आणि तुझ्या नवऱ्याला काका. महेंद्रदादा आणि पायलताईनंतर मी तिसरा. दोनापेक्षा जास्त मुले असली तर पालिकेच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही, हा कायदा माझ्या जन्माच्या थोडाच आधी आला. म्हणून माझा दाखला तुझ्या बहिणीच्या, विठाआईच्या नावावर निघाला. काका निवडून आले. यंदा परत उभे आहेत.

सुट्टीत आलो तेव्हा त्यांची पत्रके मीच वाटली. वर घरचा फोटो, खाली ‘छोटे कुटुंब, स्वच्छ माणूस’. काका म्हणायचे, लोक आधी घर बघतात, मग कामे विचारतात. गावातला आहे का, बायको बरोबर दिसते का, पोरे शिकलेली आहेत का. एका घरी म्हाताऱ्या बनूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. कोणाचा रे तू, विचारले. मी म्हणालो, काकांच्या मेहुणीचा.

“बायकोच्या बहिनीचा पोर, नि तोंड नवऱ्याचा?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“तीन पोरा असती तरी मी मत दिला असता. लपवलेला पोर असंल तर नाय देनार.”

संध्याकाळी हे काकांना सांगितले. त्यांनी मतदारयादीतून मान वर केली नाही. म्हणाले, “एक म्हातारी, एक मत.”

एवढ्यावर मी दोन दिवस आधीच गाडी पकडली. तुला वाटले, कामावरून फोन आला.

४) तो फोटो ताईच्या साखरपुड्याचा. आपण पाच जण होतो. मला कापले. पण तुझा उजवा हात माझ्या खांद्यावर होता, तो कापता आला नाही. पत्रकाच्या कडेला तुझा हात आहे आणि त्याखाली माझ्या शर्टाची निळी बाही, बोटभर. घरोघरी वाटले, कोणाला दिसले नाही. एक पत्रक पाकिटात ठेवले आहे, ते तुझे.

माझ्यामुळे काकांची जागा जाऊ नये. त्यांनी काकांसारखेच यावे, खांदा द्यावा किंवा न द्यावा. मला जांभूळला आणतील तेव्हा तू काही बोलू नको. फक्त तो हात फोटोत होता तिथे ठेव. कोणी विचारले, तर बहिणीचा मुलगा होता म्हणून सांग.

सही: सनी रघु तरे
ठिकाण: कामगार कॅम्प, जैसलमेर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार (जनूला बेल्ट मिळणार, म्हणून तो चालत नाही):
१. कैलास, बदलापूर. सही समोर केली. वेगळे पान मी वाचलेले नाही.
२. किसन, अंबरनाथ. कडी आजच बदलायला लावली.