न दिसणारा पासवर्ड

मंगळवार, दिवेलागणी

आमच्या नातीनं, रेशमानं, आज घरच्या कंपूटरवर कंपायलर बसवला. ते काय असते, म्हटलं. तर म्हणे, "आजी, मी लिहिलेलं मशीनले समजेल असं करून देते थो." मंग दुभाष्या म्हण ना सरळ! थो नसता तर तिचा प्रोग्राम चालला नसता, अन् प्रोग्रामाबिगर सर उद्या प्रॅक्टिकलले बसू देणार नव्हते.

मधातच मशीननं पासवर्ड मागितला. पोरगी बोटं मारून राहिली, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड बिघडला म्हणून तिनं वायर काढली, फुंकली, पुन्हा लावली. तेच! रडायलेच आली.

मी म्हटलं, "धानाचं रोप लावतानी, रोवण्यात, चिखलाखाली बोटं दिसतात काय? तरी धान लागते ना? दिसो का न दिसो, पूरा लिही अन् बटन दाब."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काहीच नाही. दाब!"

दाबलं, तशा भराभरा ओळी धावल्या. थोड्या वेळानं तिच्या प्रोग्रामानं पडद्यावर तिचंच नाव लिहून दाखवलं. पोरगी हासली तवा कुठं चहा ठेवला मी.

पण पासवर्ड लपवला काहून? घरात तर आमी दोघीच. म्हणजे मशीन मलेच चोर समजली! पण पडद्यावर लपवलं तरी पोरीची बोटं उघडीच होती. जन्मभर धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बायांच्या हातावर नजर ठेवली मी. चार आकडे होते, पाहून घेतले.

इथं लिहीत नाही. रेशमा माही वही वाचते.