एक्केचाळिसावं डोकं

ती. आईस,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल सहलीची बस निघताना चालकाच्या आरशात बघून पोरं मोजली, तर चाळिसाऐवजी एक्केचाळीस! तीनदा मोजली. शेवटी चालक म्हणाला, "मॅडम, स्वतःलाच मोजताय." पोरं खो खो हसली. ती दमलेली बाई मला ओळखूच आली नव्हती.

परवा सुट्टी आहे. झोप काढ म्हणशील, पण टेकडीपलीकडचा रस्ता अजून बघितलेला नाही, आणि खोलीत मला बसवत नाही.

घरी कधी येतेस, एवढं मात्र विचारू नकोस. जेवायला बसताना घरातली माणसं मोजशील, तेव्हा मला धरत जा.

तुझीच,
पायाला भिंगरी लागलेली