मागच्या डाव्या चाकाची हवा

प्रताप नगर, नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. नत्थू यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीच्या पायाचं प्लास्टर अजून पंधरा दिवस राहील असं डॉक्टर म्हणतात. तिला भूक लागते, झोप लागते, आणि कॉटवर बसल्या बसल्या ती माझ्यावर ओरडते, म्हणजे तब्येत सुधारते आहे. तिकडे हलकं धान कापून झालं असेल. सौ. प्रयागबाईंना आशीर्वाद सांग.

क्षेमकुशल संपलं. आता कान उघडे ठेव.

तू माझा फोन उचलत नाहीस. दिवाळीला आला नाहीस. साठी उलटलेल्या मोठ्या भावाला पत्र लिहायला लावलंस. तुझा अंकित शनिवारी कळमेश्वरच्या कंपनीतून सुटून कुहीला घरी जाताना इथे डोकावतो, त्याच्याच हाती हे देतो. निदान पोराने दिलेला कागद तरी फेकू नकोस.

त्यानेच सांगितलं की तू जीप भंगारात देतो आहेस. पान्यांची पेटीही त्याच गाडीत चढवणार म्हणे. दुरुस्तीच्या शेडला कुलूप घातलंस. गावातलं कोणी पंप घेऊन आलं, पिकअप घेऊन आलं, तर ‘माह्याकडून होत नाही आता’ म्हणून परत पाठवतोस. कोणाला विचारून? ती जीप एकट्या तुझी आहे काय? सेकंडहँड घेतली तेव्हा दोघांनी घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात तिचं क्लच बसलं तेव्हा दोघांनी मिळून तिच्याखाली पाठ घासली. विकताना मात्र तू एकटा मालक!

आणि शहाणपण आत्ता आठवलं? तेवीस वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होतो की बाबा, गाडी मिस्त्रीला दाखव. तुझं एकच पालुपद. ‘दादा, मिस्त्री एक बोल्ट कसते अन् दोन ढिले ठेवते. आपुन करू ना जी.’ रेडिएटर गळला, घाल त्यात हळद. टाकी पाझरली, घास तिच्यावर कपड्याचा साबण. पाइप तडकला, गुंडाळ सायकलची ट्यूब. आपली जीप म्हणजे किराणा दुकान झालं होतं. तू हसायचास आणि मीही हसायचो, ती माझी चूक.

मग तो दसऱ्यानंतरचा रविवार आला. वहिनीला नागपूरला सोडायला निघालास, वळणावर एसटीसाठी माणसं उभी होती, तू ब्रेकवर पाय दाबलास आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. तू गाडी धानाच्या बांधीत घातलीस म्हणून त्यांच्यातलं कोणी मेलं नाही, हे मला मान्य आहे. पण वहिनीच्या नडगीचे दोन तुकडे झाले, हेही खरं आहे. दवाखान्यात मी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, आणि माघार घेत नाही. ब्रेकचं काम घरी करतात का? चारही चाकांच्या ब्रेक-लाइनमधली हवा घरच्या घरी काढतात का? अपघातानंतर जीप बघितलेल्या बापूजी मिस्त्रीनेही तेच सांगितलं की लाइनमध्ये हवा राहून गेली होती.

पण म्हणून जीप विकायची? चूक केली आणि पळ काढला, हा कुठला न्याय? सौदा थांबव. आणि फोन उचल.

तुझा मोठा भाऊ,
रुपराव


प्रताप नगर, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

चि. नत्थू यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नव्या तांदळाचं पोतंही मिळालं. पोतं कशाला पाठवलंस? आम्ही काय उपाशी बसलो होतो? मी ते परत पाठवणार होतो, पण तुझ्या वहिनीने लगेच भात लावायला लावला. ती दोन घास जास्त जेवली. माझ्या घशाखाली उतरला नाही. राग आला की मला जेवण जात नाही, तुला माहीत आहे.

पत्र म्हणजे काय, वहीचं अर्धं पान. ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. तू लिहितोस, ‘दादा, चूक माहीच आहे. चारी चाकाची हवा काढली होती. पुढच्या दोनाचं पक्कं आठवते. मागच्या डाव्याचं नीट आठवत नाही. तिथंच राहिली असंल. वहिनीले तोंड दाखवाची हिंमत नाही. जीप २४ तारखेले भंगारवाला नेते.’

मागच्या डाव्याचं आठवत नाही!

अरे नालायका, तुला आठवत नाही असं कधी झालं आहे? कुठल्या साली कुठला बेअरिंग बदलला ते तू झोपेतून उठवलं तरी सांगतोस. दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी तू तिचं नखशिखांत काम करतोस, आणि प्रत्येक चाकाची हवा काढून झाली की त्यावर खडूने फुली मारतोस. चार चाकं, चार फुल्या. महिनाभर बसून बसून तू त्यातली एक फुली स्वतःच्या हाताने पुसलीस. कोणीतरी म्हणालं की तू चुकलास, तर तू आपली चूक शोधत बसलास आणि सापडेना तेव्हा तयार केलीस.

भांडला का नाहीस? दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला तुझ्या सासऱ्यांसमोर, गावातल्या माणसांसमोर ‘खुनी’ म्हणालो. हो, हाच शब्द होता. तुझ्या कपाळाला सात टाके पडले होते, शर्टावर रक्त होतं, आणि तू मान खाली घालून उभा होतास. मग आत जाऊन वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलंस. ‘माफ कर वं वहिनी’ म्हणून लहान पोरासारखा रडलास. मला चार शिव्या द्यायच्या होत्यास. म्हणायचं होतंस की दादा, मी हवा काढली आहे, चल मिस्त्रीकडे, माझ्यासमोर विचार. बापूजीचं दुकान काही सातासमुद्रापलीकडे नाही. गेला होतास का तू? विचारलंस त्याला?

नाही विचारलंस. दादा बोलला म्हणजे खरंच असेल. हा तुझा चांगुलपणा मला सहन होत नाही, नत्थू. अंगाची लाही होते.

वहिनी रोज विचारते, ‘नत्थू काहून येऊन नाही राहिला?’ मी सांगतो, धान कापणीत आहे. मग ती म्हणते, ‘येऊ द्या त्याले, चांगलीच घेतो त्याची.’ तिचाही तुझ्यावर राग आहे. तो मीच लावून दिलेला आहे, आणि आता रोज तिच्याशेजारी बसून तो बघतो.

जीप विकू नकोस. का, ते विचारू नकोस.

रुपराव


प्रताप नगर, नागपूर
१९ नोव्हेंबर २०२५

नत्थू,

आज आशीर्वाद लिहीत नाही. द्यायची माझी लायकी आहे की नाही, ते पुढचं वाचून तू ठरव.

काल वहिनीचं प्लास्टर कापलं. हाड जुळलं आहे. वॉकर धरून ती स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि तिने पहिलं काय केलं असेल तर माझ्या नावाने भांडी आपटली. बरी आहे.

लाइनमध्ये हवा नव्हती.

बापूजी मिस्त्री असं कधीच बोलला नाही. मी तुला आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी त्याने ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर माझ्यासमोर उघडला. आतले रबरी वॉशर फुगून दुप्पट झाले होते, बोटाने दाबले तर चिकट लागत होते. त्याने तेलाचा वास घेतला, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाला, ‘साहेब, हे ब्रेक ऑइल नाही जी. हे तर ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल हाय. ब्रेकच्या रबराले हे तेल म्हणजे जहर. कोणं टाकलं?’

टाकलं तू. पण बाटली माझी होती.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी कुहीला आलो होतो, आठवतं? तू बाजारात गेला होतास. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल बदलून मी डबा ठेवायला गेलो, तर त्याला बुडाला भोक. अर्धा लिटर चांगलं तेल उरलं होतं. फेकून द्यायचं आपल्या रक्तात नाही. समोर ब्रेक ऑइलची रिकामी बाटली होती, तिच्यात ओतलं, बूच लावलं आणि फळीवर ठेवलं.

तुझ्या शेडचा नियम मला माहीत होता. बाटलीत दुसरी वस्तू भरली की तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची. तेवीस वर्षांत तू तो एकदाही मोडला नाहीस. साबण आणि हळद लावणारा तू, पण चिंधीशिवाय बाटली ठेवणारा नाहीस. चिंध्या तिथेच खिळ्याला लटकत होत्या, हातभर अंतरावर. माझ्या हाताला तेल लागलं होतं. आणि खरं सांगू? त्या नियमाचा मला रागच यायचा. मी तीस वर्षं कंपनीत स्टोअरकीपर होतो, हजारो डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि सातवीत शाळा सोडलेला माझा धाकटा भाऊ मला चिंधी बांधायला शिकवतो! मनात म्हटलं, बांधू नंतर. आणि विसरलो.

दसऱ्याच्या सकाळी तू हवा काढलीस, ब्रेक ऑइल कमी पडलं, फळीवरची बाटली घेतलीस. चिंधी नव्हती, म्हणजे ब्रेक ऑइलच. तू बाटलीवर विश्वास ठेवला नाहीस, माझ्यावर ठेवलास. तीन दिवसांत त्या तेलाने रबर खाल्लं आणि रविवारी पेडल जमिनीला टेकलं.

दवाखान्यात तुला खुनी म्हणालो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तेवढीच एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. पण तिसऱ्या दिवशी कळलं. बापूजीला म्हटलं, घरचा मामला आहे, कोणाला बोलू नका. तिथून सरळ कुहीला आलो. तू अंगणात डोक्याला पट्टी बांधून बसला होतास, मला बघून उठलास आणि प्रयागबाईंना चहा ठेवायला सांगितलास. मी म्हणालो, शेडमध्ये माझी टोपी राहिली आहे. टोपी नव्हती राहिली. बाटली पिशवीत टाकली, तुझ्या घरचा चहा प्यालो आणि निघालो. निघताना सांगितलं की मिस्त्री म्हणाला, हवा राहिली. तू फक्त ‘हो दादा’ म्हणालास.

ती बाटली आमच्या गच्चीवर कूलरच्या मागे आहे. फेकायचं धाडस झालं नाही, दाखवायचंही झालं नाही. आणि मी तुझ्यावर रागावलो होतो ते जीप विकतोस म्हणून? तू जीप विकतोस हे ऐकलं तेव्हा पहिल्या क्षणी मला बरं वाटलं होतं. मास्टर भंगारात गेला की मी सुटलो. त्या बरं वाटण्याचा मला इतका संताप आला की तो सगळा तुझ्यावर काढला. दोन पत्रं भरून.

माझ्या चुकीने तिचा पाय मोडला. ती चूक होती, कोणाकडूनही झाली असती. पण नंतरचे चाळीस दिवस ही चूक नव्हती. तुझ्यासारख्या माणसाने आपल्या हातांना शाप दिला, शेडला कुलूप घातलं, आणि मी तुला हळदीवरून, साबणावरून अक्कल शिकवत बसलो. हरामखोरी दुसरी कशाला म्हणतात?

इथवर दुपारी लिहिलं. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या वहिनीला, कौशल्याला वाचून दाखवलं. घाबरत वाचलं. झाल्यावर तिने आपल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘माह्या पायाचं मी पाहून घेईन तुमच्यासंग. आयुष्यभर पाहीन. पण माह्या देरानं ह्या पायावर डोकं ठेवलं, तवा तुमी कोठी होते?’

मी म्हटलं, तिथेच उभा होतो.

‘अन् तिसऱ्या दिवशी कळलं, तवा?’

मी कागद पाकिटात घालायला लागलो.

‘मले महिनाभर त्याच्यावर राग धराले लावला. त्यानं माफी मागितली साऱ्याईसमोर, अन् तुमी मागता कागदावर, पाकिटात बंद करून? हे नाही चालत. अंकितच्या हाती काही देऊ नका. रविवारी मले घेऊन चला कुहीले. दवाखान्यात जे जे होते, त्या साऱ्याईले बलवा. बापूजीलेबी बलवा. ते बाटली समोर ठेवा, अन् हा कागद उभ्यानं वाचा. तिन्ही कागद वाचा. मी बाजूले बसतो.’

मी म्हटलं, शेवटचा वाचतो, पहिले दोन राहू दे.

‘त्यात त्याले काय काय म्हणलं, ते लोकाईले कळू द्या ना! अन् ह्या कागदातली एक ओळ गाळान, तर मी सांगीन त्याले, मले सारं ध्यानात आहे.’

तिला खरोखरच सगळं ध्यानात राहतं. म्हणून हे पत्र तुझ्या हातात पडणार नाही, नत्थू. पहिली दोन घेऊन बस म्हणून अंकितकडून निरोप दिला आहे, का ते सांगितलेलं नाही. हे तुझ्यासमोर वाचतो आहे तेव्हा रविवार आहे, २३ तारीख. तुझं अंगण आहे, तुझे सासरे खाटेवर आहेत, गावातली माणसं आहेत, बापूजी मिस्त्री आहे. वहिनी खुर्चीत आहे आणि माझ्या तोंडाकडे बघते आहे. मी एकही ओळ गाळलेली नाही.

तू खुनी नाहीस. चारही चाकांची हवा तू काढली होतीस. मागच्या डाव्याचीही.

आता बोल. दादा म्हणून भीड ठेवू नकोस.

तुझ्यासमोर उभा असलेला,
रुपराव