गडब नाक्यावरचा फ्लेक्स

६ जानेवारी, सोमवार
बालसुरक्षा धोरण तयार! सव्वीस पानं, दोन दिवसांत. पेण ते रोहा पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे असेल तर दाखवावं. २४ला मूल्यमापनाला मुंबईहून निधी देणाऱ्या ट्रस्टच्या मृणाली मॅडम येतायत. पास झालो तर मुलींची अभ्यासिका आणखी तीन वर्षं चालेल. संकल्प: धोरण कपाटात सडू द्यायचं नाही. लोकांपर्यंत न्यायचं.

९ जानेवारी
नेलं. गडब नाक्यावर दहा बाय आठचा फ्लेक्स. 'आमच्या मुली सुरक्षित!' अकराही मुलींचे फोटो. खाली नाव, इयत्ता, क्लास सुटण्याची वेळ. पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता. वर अध्यक्ष म्हणून माझा फोटो, जरा मोठा. मी नको म्हणत होतो, फ्लेक्सवाला ऐकेना.
मुलींना शिकवणारी नम्रता म्हणाली, सर, धोरणाचं पान नऊ वाचा, मुलींचे फोटो-नावं जाहीर करायची नाहीत. मीच लिहिलंय, मी काय वाचू?

१३ जानेवारी
उमामा आली नाही. दहावी, गणितात पहिली, बोर्डात संस्थेचं नाव काढणारी पोरगी. नम्रता म्हणते, नाक्यावर एक बाइकवाला तिला नावानं हाक मारतो. सहाला सुटतेस ना, घरी सोडू का, म्हणाला. कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही.
वाईट वाटलं. पण परक्या माणसालाही आपलं वेळापत्रक पाठ! हे मूल्यमापनात 'पोहोच'खाली लिहावं का, असं नम्रताला विचारलं. ती उठून गेली.
उद्या फ्लेक्स काढणे.

१४ जानेवारी
संक्रांत. शिडी कुठे मिळणार?

१६ जानेवारी
शिडी मिळाली. पण मग मॅडमना दाखवायचं काय? आठच दिवसांचा प्रश्न. त्यापेक्षा क्लास एक तास आधी, पाचला सोडायचा. बाइकवाला बसेल सहापर्यंत वाट बघत! पालकांची गैरसोय नको म्हणून फ्लेक्सवर नव्या वेळेची पट्टी स्वतः चिकटवली. स्वतःवरच खूश.

१७ जानेवारी, संध्याकाळी
बाइकवाला पावणेपाचपासूनच उभा. उमामा आज हिंमत करून आली होती. बांधाबांधानं पळत घरी गेली, एक चप्पल शेतातच राहिली. नम्रतानं पोलिसांना कळवलं. मला न विचारता! मॅडमना कळलं तर?

२० जानेवारी
उमामाच्या वडिलांचा, शरीफभाईंचा, कुवेतहून फोन. फ्लेक्सचा फोटो तिथवर पोचला. (मनात आलं: आंतरराष्ट्रीय पोहोच.) ओरडले नाहीत. पोरीचा फोटो लावताना मला इचारलंत का, एवढंच म्हणाले.
तिच्या आईला, हुस्नबानोला, भेटलो. पोरगी आता नाय येनार, म्हणाली. रोह्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ठेवणार. बोर्डाला महिना राहिलाय.

२२ जानेवारी, सकाळी
शिडी घेऊन गेलो. नम्रता काल येऊन गेलेली. ब्लेडनं कापून अकराही मुली काढून नेल्यात. अकरा भोकं आणि वर मी. आता अगदी धोरणाप्रमाणे झालाय, असं क्षणभर वाटलंसुद्धा.
तेवढ्यात पलीकडे उमामा दिसली. पिशवी घेऊन, आईबरोबर, रोह्याच्या एसटीसाठी. परीक्षेपर्यंत थांब, रोज मी स्वतः सोडायला येईन, असं सांगायचं होतं. शिडीवरूनच मोठ्यांदा हाक मारली, उमामा!
टपरीवरचे चार पुरुष मान वळवून तिच्याकडे बघायला लागले. ती जोरात दचकली आणि आईच्या मागे लपली. हाक कुणी मारली ते तिनं बघितलंच नाही.
फार लाज वाटली. दुसरी हाक मारली नाही. एसटी आली, दोघी गेल्या.