छपरावरचं बटन

मुदखेड

प्रिय यासेर,

फोन उचलत न्हाईस म्हणून कागदावर लिहून राहिलो. माझं अक्षर बघून आधी हसशील, मग फाडशील. फाड, पण वाचून फाड. लातूरला मामूच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीचं काम जमलं का? इथं सगळं हाय तसंच हाय. काल तुझ्या अब्बांनी, तय्यबचाचांनी, शिलाईच्या दुकानातून हाक मारली, का रे आदर्श, आज कुणाच्या सायकलची हवा सोडली? मी नुसता मान खाली घालून निघालो. तू त्यांना काहीच सांगितलं न्हाईस, हे तवा कळलं. मग तर जास्तच लाज वाटली.

नांदेडच्या स्पर्धेसाठी पुठ्ठ्यावरचा लढाईचा खेळ बनवायचं खूळ माझंच. आजकालची लढाई पायजे, बेटावर हल्ला पायजे, ड्रोन पायजे. व्हिडिओ बघून बघून मी जनरलच झालो व्हतो. काडीपेट्या म्हणजे होड्या, चिंचोके म्हणजे ड्रोन, आणि बेटावरची साधी माणसं म्हणजे चाचांच्या दुकानातली पांढरी बटनं. अडलो कुठं, तर बेटावर. बापजन्मात समुद्र बघितला न्हाई, बेट काढू कसं? मग तू पाठवलेला फोटो आठवला. गेल्या पावसाळ्यात उमरीकडं तुझ्या नानीच्या गावाला चारी बाजूंनी पाणी लागलं व्हतं, तवाचा. झालं की बेट! शाळा, दर्गा, पाण्याची टाकी, सगळं पुठ्ठ्यावर तसंच उतरवलं आन जागा दिसंल तिथं बटनं ठिवली. तुला सांगितलं न्हाई. म्हटलं, ओळखतो का, गंमत बघू.

तू बसल्या बसल्या ओळखलंस. हे मला आता कळतंय.

बेट वाचवणाऱ्याकडं एकच होडी. तिच्यातून एकतर सैनिक आणा, न्हाईतर माणसं बाहेर काढा. सैनिकाला गुण, माणसाला शून्य. हा नियम पण माझाच, मला लई हुशारीचा वाटला. तू बेट वाचवायला बसलास आणि दर चालीला बटनंच भरून नेऊ लागलास. तिकडं हल्ला करणारा आपला सद्दाम चिंचोके टाकून बंदर फोडून राहिला, आन तू आपला बटनं. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. अबे, लढाई हाय का वऱ्हाड? म्हातारेकोतारे काय भरतो, सैनिक आण! शेवटी चाली संपल्या. टाकीजवळच्या छपरावर एक बटन राहिलं. मी टाळी वाजवून ओरडलो, गेलं, बुडालं! तू उठलास, चप्पल घातलीस, गेलास.

मला तवा बी कळलं न्हाई. नानीच्या मातीला मी आलो व्हतो, यासेर. खांदा दिला व्हता. टाकीजवळच्या छपरापाशी होडी आली तवा तिनं शेजारणीची लेकरं आधी बसवली, तुम जाव, मैं दुसरे फेरे में आती म्हणाली, आन दुसरा फेरा झालाच न्हाई, हे मीच अख्ख्या मुदखेडला सांगत फिरलो. इथं आली की चाचांच्या दुकानाची काज-बटनं करायची ती. मी दिसलो की सुई उगारायची, आव शैतान, तेरा मुंच सी डालती मैं. तोंड सिऊनच टाकायला पायजे व्हतं तिनं.

नांदेडवाल्यांनी खेळ निवडला. रविवारी मांडायचा व्हता. काल डबा उघडला तर एक बटन कमी. घर झाडलं, सद्दामचे खिसे उलटे केले. मग आठवलं, तू उठलास तवा तुझी मूठ झाकलेली व्हती. बटन मागायला हे पत्र न्हाई. चाचांकडं बटनांना तोटा हाय का? दुसरं आणून ठिवायला हात पुढं केला बी, पण त्या छपरावर ठिवता आलं न्हाई. पुठ्ठा चुलीत घातला, नांदेडला न्हाई म्हणून कळवलं. सद्दाम शिव्या देऊन राहिला, देऊ दे. तू माफ करशील म्हणून केलं न्हाई हे, आन तू लगेच फोन उचलावा असंबी न्हाई. फक्त इतकंच सांगायचं व्हतं, की मला उशिरा का व्हईना, दिसलं. चाली संपल्या व्हत्या, सगळे हसून राहिले व्हते, आन तू तिला तिथनं काढून घेऊन गेलास.

तुझाच, टाळी वाजवलेले हात कुठं लपवावे ते न कळणारा,
आदर्श