फांदी दिसली की पळा

११ जुलै, शुक्रवार

पहिल्या दिवशी पहिला शो! 'नॅशनल परमिट २'. झेरॉक्सच्या दुकानात पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि सटकलो. थिएटरात एकूण एकोणीस माणसं. मोजली, कारण पहिली पंचवीस मिनिटं पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

गोष्ट तीच. पहिल्या भागात खुनी ड्रायव्हर ट्रकसकट दरीत गेला होता, दुसऱ्यात तो ट्रकसकट वर येतो. कसा, ते विचारायचं नाही. घाटात रस्त्यावर एक फांदी आडवी टाकलेली, तिच्यामागे तीन दगड. बघायला जो थांबला तो मेला. पोस्टरवर मोठ्या अक्षरात — 'फांदी दिसली की पळा'.

मध्यंतरानंतर मात्र टरकलो. खुर्चीचा दांडा म्हणून जे घट्ट धरून बसलो होतो तो शेजारच्या बाईंचा हात निघाला. नात्याच्या धोंडूबाई. म्हणजे नाते गावच्या, माझ्या नात्यातल्या नव्हेत. नातीला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "सोड आता रे. मेला तो कवाच."

बाहेर माईक घेऊन प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेतल्या. सात जण — "एक नंबर!" एक जण — "पहिला पार्ट बरा होता." पाहिलात का? "नाय." खरी प्रतिक्रिया एकच, धोंडूबाईंची: "डायवर दिसायला चांगला हाय. त्याचं लगीन का नाय केलं कोणी? बायको असती तर येवढी माणसं मारायला सवड झाली नसती."

१२ जुलै, शनिवार

व्हिडिओ टाकला. 'किरणचा कौल', सबस्क्रायबर दोनशे बारा. त्यातले तीन आमच्या घरातले आणि एक मीच, दुसऱ्या नावाने.

घसा खाकरून, आवाज खोल काढून बोललोय — "फांदी हे मृत्यूचं प्रतीक आहे." प्रतीक हा शब्द चार वेळा. धाकट्या बहिणीने, सेजलने, जेवताना बाबांना तिच्या फोनवर दाखवला. बाबा एकतीस वर्षं ट्रक चालवतात. हे मी चॅनलवर कधी सांगितलेलं नाही. कोणी विचारलंच तर 'वडिलांचा वाहतूक व्यवसाय'. गाडी एक, ड्रायव्हर तेच, मालक तेच — व्यवसाय!

बाबा म्हणाले, "हा परतीक कोण?"

म्हटलं, प्रतीक म्हणजे खूण.

"मग खूणच हाय ती. पुढं गाडी बंद पडलीय, सावकास ये, जमलं तर हात लाव. येवढंच. आम्ही काय मारायला टाकतो फांदी?"

हे मला माहीत नव्हतं थोडंच! सहा वर्षांचा असताना त्यांच्या गाडीच्या मागेपुढे निरगुडीच्या फांद्या मीच ओढत नेऊन टाकल्यात. शाबासकी म्हणून हॉर्न वाजवायला मिळायचा. पण 'जमलं तर हात लाव' याला व्ह्यूज येत नाहीत ना.

"पुढल्या टायमाला तेवढं सांग लोकांना," म्हणाले. म्हटलं, सांगतो.

१३ जुलै, रविवार

व्ह्यूज ८६. प्रतिक्रिया एक — 'आवाज बदक दाबल्यासारखा.' सेजलने तिला बदाम दिला.

१५ जुलै, मंगळवार

कल्पना सुचली! थिएटरात काय ठेवलंय, खऱ्या घाटात जाऊन बोलायचं. बोगदा झाल्यापासून कशेडीच्या जुन्या रस्त्याला कोणी फिरकत नाही. वरच्या वाड्यांतली माणसं, गुरं आणि बाबांसारखे हट्टी ड्रायव्हर. बोगद्यातून घाटातल्या देवाला हात कसा जोडणार, म्हणतात. बाबा चिपळूणला माल घेऊन गेलेत, उद्या येतील. असते तर पावसात गाडी नेऊ दिली नसती.

चार वाजता सुटलो, पोलादपूर मागे टाकलं. फोन हँडलला लावलेला, कॅमेरा सुरू. वर धुकं. हेल्मेटच्या काचेवर वाफ. मी आपला बडबडतोय, "मित्रांनो, याच वळणावर..." आणि वळणावर फांदी!

खरी. आडवी. मागे तीन दगड. पलीकडे धुक्यात लाल काहीतरी.

मी काय केलं? शूर समीक्षक किरण सोनबा यांनी बोंब ठोकली. तोंडाला येतील त्या देवांची नावं घेतली, त्यातला एक तर देव नाही, आमच्या शाळेचे हेडमास्तर. जागच्या जागी गाडी वळवली. मागचं चाक घसरत कठड्यापर्यंत गेलं, आणि तिथला कठडा तर गेल्या वर्षीच दरीत गेलाय. कसा वाचलो ठाऊक नाही. पोलादपुरात येऊन दोन चहा मारले.

मग फोनवर बघितलं. काय बोंब आहे! तिथेच बसून सात वेळा ऐकली. हसून हसून डोळ्यांत पाणी. चहावाला म्हणाला, टाक हे. टाकलं!

१६ जुलै, बुधवार

अडतीस हजार!! प्रतिक्रिया वाचून होत नाहीत. 'भावा, बोंब एक नंबर.' 'पिक्चरपेक्षा हे भारी.' 'आम्हीपण काल कशेडीत फांदी बघून सुसाट सुटलो.' 'हेडमास्तर देव पावला.' दुकानातल्या शेठनी खांदा थोपटला आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

हे सगळं आधी लिहिलं. खरं तर दुसरं आधी लिहायला हवं होतं.

बाबा काल संध्याकाळपासून महाडला दवाखान्यात आहेत. एक दिवस आधीच परत निघाले होते. घाटात पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, जॅक सरकला, डाव्या हाताची दोन बोटं खाली आली. क्लीनर गणू रजेवर, गाडीत एकटेच. फोनला रेंज नाही. सात वाजता कुशाबाने आपल्या दुधाच्या टेम्पोत घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. मधलं बोट राहील, त्याच्या शेजारचं शनिवारी सांगतो. डावा हात, म्हणजे गिअरचा. डॉक्टरांना ते माहीत नाही. बाबांना आहे, ते सारखे त्याच हाताकडे बघतात.

आईने कुशाबाला विचारलं, "दोन तासांत कोणच कसं थांबलं नाय रे?"

"काय ठाव गो वैनी. फांदी टाकलेली, दगड मांडलेले, सगळं बराबर व्हतं. लोकं बघायची नि पळायची."

कुशाबाने पिक्चर बघितलेला नाही.

कुठल्या घाटात, ते मी विचारलं नाही. चिपळूणहून येताना कशेडीच्या आधी भोस्ते घाटही लागतो. भोस्तेच असणार. पोलादपूरचं दूध घेऊन कुशाबा भोस्ते घाटात काय करत होता, हेही विचारलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

आज बघायचं नाही असं ठरवलं. साडेनऊला बघितलं. एकसष्ट हजार.

खाली एक प्रतिक्रिया: '१:१२ ला थांबवून बघा. ट्रकच्या कपाळावर किरण-सेजल लिहिलंय. भावा, भूत तुझ्याच नावाचं निघालं!' पुढे हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तिला नऊशे लाइक.

थांबवलं. धुकं, ट्रकचं लाल तोंड, पिवळी अक्षरं. 'ण'चा दांडा थोडा वाकडा. तो बाबांनी स्वतः रंगवला होता, मी शिडी धरली होती आणि हललो होतो. पुढच्या चाकाशी एक माणूस बसलाय, डावा हात छातीशी धरून. काचेवर वाफ होती हे खरं. पण फोनला वाफ नव्हती, आणि तो व्हिडिओ मी वीसेक वेळा लावला. सगळ्या वेळा स्वतःची बोंब ऐकायला.

व्हिडिओ काढून टाकला. चॅनलही. लाज वाटते. यावर काही विनोद सुचत नाही.

१९ जुलै, शनिवार

बोट अर्धं गेलं. मधलं राहिलं, पण वळत नाही. गिअर टाकता येईल का, असं आईने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बघू.

बाबांना सांगायला तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा "पाणी देऊ?" एवढंच बाहेर आलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "अरे, आता पोहायला लावशील मला."

२० जुलै, रविवार

सांगितलं.

म्हणाले, "ठाव हाय मला. तुझ्या गाडीचा आवाज खालच्या वळणापासनं वळखला. हाक मारणार व्हतो. पण तू कठडा तुटलाय तितंच वळत व्हतास नि लय भ्यालेला. धुक्यातनं कोण तुझं नाव घेऊन वरडला असता तर तू थेट खाली गेला असतास. हाताला कळा येत व्हत्या, कण्हलेलं पण ऐकू जायला नको, म्हणून तोंडात फडका कोंबून बसलो."