अर्धी मात्रा मागे

निजामपुरा, भिवंडी
शनिवार, ११ मार्च २००६

प्रिय जानकीताई,

धाकट्या अनंताचा प्रभूमध्ये सलाम. हा सलाम तू आता घेत नाहीस, ठाऊक आहे. पण हाताची सवय जात नाही. फोन तू ठेवून देतेस, म्हणून पत्र.

इकडे बरं आहे. आमच्या मृणालीची नववीची परीक्षा जवळ आली, आणि वीज नेमकी तिच्या अभ्यासाच्या वेळी जाते. पंढरीमामांचे गुडघे गेलेत, तरी ढोलकी दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. उपासना अजून शुक्रवारीच, लूमच्या सुट्टीला, लूमच्या मागच्या त्याच खोलीत. रविवारी लूम चालू असतात. शेजारच्याचं आमेनसुद्धा ऐकू येत नाही.

पेटी मीच वाजवतो, गाणंही मीच उचलतो. म्हणजे कालपर्यंत उचलत होतो.

नाताळ झाल्यापासून गाताना मागून एक आवाज येतो. आमची ओळ संपते आणि अर्ध्या मात्रेनं मागून कुणीतरी ती संपवतं. पहिल्यांदा ऐकलं गुणाबाईंनी. गाणं थांबल्यावर वळून म्हणाल्या, "कोन हाय रं मागं? सुरात न्हाय, पन जीव लावून गातंय." मागे भिंत आहे. भिंतीशी आपल्या माईची चटई असायची. ती अजून तिथेच आहे आणि तिच्यावर कुणी बसत नाही. बसू नका, असं कुणी सांगितलेलं नाही.

पाळकसाहेब खूश आहेत. सगळे एका मुखानं गायले की देव आपल्यात येऊन बसतो, हे त्यांचं नेहमीचंच. मला म्हणाले, "अनंता, तो आलाय." मी मान डोलावली. पण देव कशाला अर्धी मात्रा मागे राहील?

मागे कोण राहायचं, ते तुला सांगायला नको. तीस वर्षं लूमशेजारी सुताच्या कांड्या भरून माईचे कान गेले होते. शेजारणीचे ओठ बघून ती शब्द उचलायची, म्हणून सगळ्यांच्या मागून पोचायची.

तिच्या दफनाच्या दिवशी तू मला म्हणालीस, "माईनं शेवटी देवाला टाकलं, म्हणून तिचं गाणं बंद झालं. ज्या देवानं मरताना तिच्या तोंडी एक ओळ ठेवली नाही, त्याच्या दारात मी यायची नाही." मी गप्प राहिलो. तुला वाटलं, दुःखानं.

ताई, दोन हजार चारच्या नोव्हेंबरात आम्ही नाताळाची कॅसेट केली. ठाण्याचा रेकॉर्डिंगवाला दोनदा थांबला. म्हणाला, मागून एक बाई लय बिघडवतेय. मी माईजवळ जाऊन बसलो, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "माई, तू नुसते ओठ हलव. देवाला कळतं." ती हसली. "बरं रं बाबा," म्हणाली.

रेकॉर्डिंग दुपारी संपलं. 'आता गा' म्हणायला मी विसरलो.

विसरलो नाही. पुढच्या शुक्रवारी ती ओठच हलवत होती, आणि गाणं इतकं स्वच्छ लागत होतं की मला बरं वाटलं. ती मला विचारल्यासारखी बघायची. मी पेटीकडे बघायचो. असे नऊ महिने, ती जाईपर्यंत. दवाखान्यात तू तिला विचारलंस, "माई, गात का नाहीस?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि तुला सांगितलं, घसा बसलाय. मला वाचवायला ती खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल.

त्या आवाजाला आम्हाला गाठता यावं म्हणून मी दर शुक्रवारी लय थोडी उतरवत गेलो. पाच मिनिटांचं गीत आठ मिनिटांवर आलं, पंढरीमामा कुरकुरले. काल तर इतकं सावकाश धरलं की पेटीच्या भात्यात वारा पुरेना. आणि शेवटच्या कडव्याला तो आवाज आमच्यात मिसळला. मागे काही उरलं नाही. सगळ्यांचा मिळून एकच आवाज झाला, तसा मी जन्मात ऐकला नव्हता. गुणाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून जराशी सरकून शेजारी जागा केली.

तेव्हा मला कळलं की त्या आवाजात मी नाही. माझं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

कालपासून असंच आहे. बोलतो नीट, मृणालीवर ओरडलोही. फक्त गायला गेलो की काही येत नाही. सकाळी लूम सुरू झाल्यावर, कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून, पुन्हा करून पाहिलं. भीती वाटली ताई, खोटं कशाला सांगू. पण मी दवाखान्यात जाणार नाही. मला हे ओळखीचं आहे.

मला क्षमा करू नकोस हवं तर. माईवरचा राग मात्र सोड. तिने देवाला टाकलं नव्हतं. तिने माझं ऐकलं होतं. एका शुक्रवारी ये आणि तिच्या चटईवर बस. तिचा आवाज तुझ्याइतका कुणाला ओळखता येणार?

आणि मला 'आता गा' म्हणायची घाई करू नकोस. नऊ महिने तरी नको.

तुझा, नुसते ओठ हलवणारा,
अनंता